मीटर नावावर होईपर्यंत

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे विश्रामबाबांना, दुसऱ्याच्या नावाच्या मीटरवर एक बल्बसुद्धा लावायचा नव्हता. हसू नका. एवढ्या एका गोष्टीपायी आमचं घर अख्खा उन्हाळा आणि पावसाळा अडून बसलेलं.

डोंबिवलीचा फ्लॅट आमचा झालेला. रजिस्ट्रेशन झालं, चाव्या हातात आल्या, अपूर्वने, माझ्या नवऱ्याने, रंगसुद्धा काढून घेतला. फक्त विजेचा मीटर आणि पाइपचा गॅस अजून जुन्या मालकांच्या नावावर. अशा वेळी लोक काय करतात? सामान टेम्पोत घालतात, राहायला जातात आणि नावं सावकाश बदलून घेतात. वीज कंपनीच्या ऑफिसातल्या बाईंनीही तेच सांगितलं, "काका, तुम्ही राहायला जा, नाव मागाहून होईल." काका ऐकतील तर शपथ!

आणि हा सगळा खटाटोप कोणासाठी? आईंसाठी, माझ्या सासूबाईंसाठी. नौपाड्यातलं आमचं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून आई फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरायच्या, त्याही खुर्चीत बसून, दोघांनी उचलून. शेजारपाजारचे दारात येऊन बघायचे आणि आईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नव्या घराला लिफ्ट होती, खाली छोटी बाग होती. "मला बाकी काही नको गं हेमांगी," त्या म्हणायच्या. "आपल्या पायांनी खाली जाईन, बाकावर बसेन आणि भाजीवाल्याशी मनसोक्त भांडेन."

बाबांचंही कारण होतं, नाही असं नाही. लग्नानंतर दोघं कळव्याला भाड्याच्या खोलीत राहायचे, मीटर घरमालकाचा. आईंचं डोहाळजेवण चाललेलं, माहेरची मंडळी पानावर बसलेली, आणि मालकाने फ्यूज काढून नेला. का, तर म्हणे माणसं फार जमवलीत. आई हिरव्या साडीत, फुलांची वाडी भरून अंधारात बसून राहिल्या. हिला पुन्हा कधी दुसऱ्याच्या मीटरवर ठेवायचं नाही, असं बाबांनी तेव्हा ठरवलं. मला ही गोष्ट पूर्वी फार गोड वाटायची. आता नुसता राग येतो.

जुने मालक लेकीकडे परदेशात गेलेले. त्यांचं ना हरकत पत्र हवं होतं. ते मेलवर पाठवतो म्हणाले, तर बाबांना शाईची सही हवी. पत्र पोस्टाने आलं, तर सोसायटीचं पत्र जोडायचं राहिलं म्हणून अर्ज परत. एजंटला द्या म्हटलं, तर तो लबाडी करेल. गॅसचंही तेच रडगाणं. अपूर्व दर रविवारी डोकं आपटायचा, "बाबा, आधी जाऊ या ना तिकडे." बाबांचं ठरलेलं उत्तर, "एवढी वर्षं थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला घाई?"

थांबलेलं कोण होतं पण? मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की आई खिडकीतून वळून एवढंच विचारायच्या, "झालं का गं?" मी चप्पल काढता काढता म्हणायचे, "होईल हो." बाबांना एक शब्द त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. सासऱ्यांच्या तोंडाला कोण लागणार, अपूर्व आहे ना बोलायला, असा माझा आपला हिशोब.

गणपती गेल्यावर एका सकाळी चहा पिताना आईंच्या हातून कप पडला. उचलायला वाकल्या त्या तशाच कलंडल्या. पुन्हा तीच खुर्ची, तेच तीन मजले. या वेळी दारात कोण उभं आहे हे त्यांना कळलंही नाही. त्या हॉस्पिटलात असतानाच मीटर नावावर झाल्याचा मेसेज आला. अपूर्वने तो बाबांपुढे धरला. बाबांनी वाचला आणि चष्मा काढून पुसत बसले.

डिस्चार्ज मिळाल्यावर आम्ही त्यांना थेट डोंबिवलीलाच आणलं. लिफ्टने, चाकाच्या खुर्चीवरून. डावा पाय गेला तो गेलाच, आणि डोक्यात सगळं उलटसुलट झालं. बाबांना कधी ओळखतात, कधी नाही. मला तर नाहीच.

परवा संध्याकाळी मी त्यांना बाल्कनीत चहा पाजत होते. बाबा शेजारी त्यांचा हात हातात घेऊन बसलेले. खाली भाजीची गाडी आलेली, बायका भाव करत होत्या. आई बराच वेळ बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळून अगदी आदराने म्हणाल्या, "छान आहे हो तुमचं घर. आमचंही झालंय, इथेच कुठेतरी. पण आमचे हे भारी काटेकोर. मीटर नावावर झाल्याशिवाय हलायचे नाहीत."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी बोलले तर त्यांना वाईट वाटेल. तुम्ही एकदा सांगून बघता का?"

"सांगते," मी म्हटलं. बाबांनी मान वर केली नाही.