एका तासात सज्ञान झालेली नववी

शाळेत इंटरनेट आलं त्या दिवशी मुख्याध्यापकांनी कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला आणि मॉनिटरला एवढं हळदकुंकू लावलं, की पुढचे कितीतरी दिवस पडद्यावर कोणाचाही फोटो आला तरी तो नवरदेवच दिसायचा. वेग असा, की एक पान उघडायला लावून पोरं शेवंती खुडायला जात आणि पाट्या भरून परत येत, तरी ते आपलं उघडतच असे. साल दोन हजार आठ, गाव सायखेड्याच्या अलीकडचं. कोणाला खोटंच धरायचं असेल तर त्याने हे वेगाचं धरावं. पुढचं धरू नये.

त्या गुरुवारी विज्ञानाच्या तासाला कुंदन सरांनी नववीला कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. सर मूळचे नाशिक शहरातले, वय कोवळं, डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं. शहरातली पोरं दिवसभर ऑर्कुटवर एकमेकांना चावट निरोप धाडतात, तर तिथेच वर्ग का भरू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नाशिकच्याच अंबड भागातल्या एका शाळेत त्यांचा मित्र शिकवायचा. तिथल्या पोरांनी कारखाने पाहिलेले, इथल्यांनी पिकं. त्यांनी आपल्याला विचारावं, आपण त्यांना विचारावं, अशी कल्पना.

अडलं एका ठिकाणी. ऑर्कुटला अठरा वर्षं पुरी लागत. सरांनी क्षणभर डोकं खाजवलं, कॉम्प्युटर काय दाखला मागायला येतोय, असं म्हणाले आणि एकेकाचं जन्मसाल पाच वर्षांनी मागे ढकललं. अख्खी नववी एका तासात सज्ञान झाली. मागच्या बाकावरची पोरं उगाच मिशा चाचपू लागली. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली, सरांचंसुद्धा.

या वर्गात भाग्यश्री होती. फुलं पिकवणाऱ्या गोटीरामची मुलगी, चौदा वर्षांची. वर्गात हात वर करायची तिची छाती होत नसे. पण कीबोर्डवर एका बोटाने ती घडाघडा बोलू लागली. टोमॅटोत झेंडू का लावता, असं अंबडच्या पोरांनी विचारलं. तिने आई भागुबाईला विचारलं, दोन्हींची मुळं उपटून धुतली, भिंगाखाली धरली आणि टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी, त्या करणारे बारीक कृमी, झेंडूपाशी त्यांचं न चालणं, सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहून टाकलं. तिकडून प्रश्नांची रांग लागली. सर तर हवेतच तरंगत होते. रस्त्यात गोटीराम भेटला तेव्हा, हिला शेतकी कॉलेजला घालायचं, असं सांगून मोकळे झाले. गोटीरामही फुलला आणि पिशवीभर झेंडू त्याने सरांच्या गाडीला अडकवला.

मग एका सकाळी नाशिकच्या फूलबाजारात गाळ्यावरच्या एकाने गोटीरामला विचारलं, काका, पोरगी ऑर्कुटवर आहे वाटतं तुमची? गोटीरामचा भाऊ नाथा सोबत होता. दोघं जवळच्या सायबर कॅफेत गेले. पडद्यावर भाग्यश्रीचं नाव, वय एकोणीस, खाली ‘सिंगल’ आणि उजवीकडे अंबडच्या पोरांचे चेहरे ओळीने. गाठी, कृमी, मुळं यांतलं एक अक्षर दोघांनी वाचलं नाही. नाथाने त्या पानाचा छापील कागद घेतला. गावात पोचेपर्यंत दहा पोरांची चाळीस झाली आणि पारावर त्यांची शंभर.

भाग्यश्रीची शाळा दुसऱ्या दिवशी बंद झाली. आठवड्यात अंबडच्या कंपनीतला सव्वीस वर्षांचा मुलगा पाहून गेला आणि सुपारी फुटली.

सर घरी गेले तेव्हा भागुबाई चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर आलीच नाही. सरांनी समोरच्या शेजारणीलाही ऐकू जाईल असं समजावून पाहिलं. तो अभ्यास होता, ती मुलं तिच्याच वयाची आहेत, तिने काही वावगं केलेलं नाही. गोटीराम मान खाली घालून देठं मोडत बसला. बोलला तो नाथा.

“सर, तुमी पोरीची जाहिरातच दिली, आमी फकस्त गिऱ्हाईक पाहिलं.”

“नाथाभाऊ, ती चौदाची आहे. कायद्याने गुन्हा आहे हा.”

“चौदाची कोण म्हनतं? शाळेतली तारीख गुरुजीनं घातलेली. निम्म्या गावाचा जलम एक जूनचा हाय. अन् हे एकोणीस कोनी लिवलं? तुमीच ना?”

सर बालविवाहाची तक्रार घेऊन ग्रामसेवकाकडे गेले. ग्रामसेवकाने शाळेचा दाखला पाहिला, नाथाचा छापील कागद पाहिला. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. गावाशी वाकडं न घ्यायला त्याला काहीतरी हवं होतं आणि ते सरांनीच आयतं पुरवलं होतं. मी खोटं लिहिलं, असं लिहून देतो, सर म्हणाले. तो म्हणाला, द्या की. मग पहिली चौकशी तुमची लागेल, आणि तोवर लग्न उरकलेलं असेल. मुख्याध्यापकांनी तर हातच जोडले. म्हणाले, बोभाटा झाला तर कॉम्प्युटर उचलून नेतील, उरलेल्या पोरींनाही घरी बसवतील. सरांनी तरी लिहून दिलं. ग्रामसेवकाने कागदावर शिक्का मारला, पेपरवेट ठेवला आणि तो जेवायला गेला.

लग्नाच्या दिवशी सर मंडपाच्या मागच्या बाजूला भाग्यश्रीला भेटले. मुंडावळ्यांखाली तिचा चेहरा केवढासा दिसत होता. शाळा, कॉलेज, अंबड, कशाचंच तिने नाव काढलं नाही.

“सर, माझं खरं वय एकदा सगळ्यांसमोर सांगाल?” ती म्हणाली. “घरात आता मलापण एकोणीसच सांगायला लावतात.”

सरांनी सांगितलं. अंतरपाट धरलेला असताना ते मंडपाच्या मधोमध उभे राहिले. ही चौदा वर्षांची आहे, एकोणीस मी लिहिलं, ते खोटं आहे, असं भटजींच्या वर आवाज चढवून बोलले. भटजी अडखळले. बँडवाल्यांना वाटलं, लागलं. त्यांनी एकदा वाजवून घेतलं आणि चूक कळल्यावर थांबवलं. मग मंडपात अशी शांतता पसरली, की मागच्या रांगेतली पुतळाबाई, जिला कानाशी फटाका फोडला तरी कळत नसे, तिनेही काय झालं म्हणून शेजारणीला विचारलं. शेजारणीने सांगितलं. म्हणजे ऐकू आलं नाही, असं तिथे एकही माणूस उरलं नाही.

कोणीतरी म्हणालं, मुहूर्त टळतोय. भटजींनी घसा साफ केला. नाथाने सरांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना अगदी प्रेमाने बाजूच्या खुर्चीत बसवलं.

मंडपात सरपंच होते, मुख्याध्यापक होते, ग्रामसेवक होते, शहरातून गाड्या करून आलेले शिकलेसवरलेले सोयरे होते. निम्मे तरी रविवारची पुरवणी वाचणारे असतील. अक्षता मात्र सगळ्यांनी टाकल्या.