झाडून ठेवलेला रस्ता

आमच्या मालकांस्नी कुनी वाट इचारू नये. इचारली की मानूस बुडालाच समजा. एस्टीत शेजारी बसलेला पाव्हना भोळेपनानं म्हनायचा, "तात्याबा, पळसदेवाला जवळचं कुठनं?" की ह्यांचं अंग फुललंच. हितनं वळा, वडाखालनं जावा, मोरी लागंल, मोरीपासनं सपाट रस्ता, डोळं झाकून जावा. आन बया, त्या सगळ्या रस्त्यावर आता मासं पोहत्यात! उजनीच्या धरनाचं पानी चढलं तवा जुनं गाव गेलं, देऊळ गेलं, आन सोलापूरचा जुना रस्ता बी गेला. त्या रस्त्यावर ह्ये मैलकुली हुतं. खड्डं बुजवायचं, कडंचं गवत काढायचं, डांबर पडायचं तवा लाल झेंडा धरून गाड्या थांबवायच्या आन हिरवा दावून सोडायच्या. आमी कन्हेरीला येऊन वरसं लोटली, पन त्येंचं घमेलं, फावडं आन त्ये दोन झेंडं अजून माझ्या उतरंडीमागं हायत. टाकू देत न्हाईत. म्हनं सरकारी हाय. सरकार कवाच इसरलं, ह्ये काय इसरनात.

पोरगं मातर साधं. दादासो माझा. सासऱ्यापातूर आमच्या मानसांचा जल्म मेंढरामागं चालन्यात गेला, ह्यो चाकावर बसला एवढाच फरक. सकाळी गावातलं दूध गोळा करायचं, सायकलीला दोन्ही अंगाला किटल्या अडकवायच्या आन बारामतीच्या डेरीत घालून यायचं. भरल्या किटल्या घिऊन वाऱ्याच्या तोंडाला सायकल मारनारं पोरगं, त्येच्या पायात काय बळ असंल सांगा. वडगाव निंबाळकरच्या जत्रंत सायकलीची शर्यत हुती. ह्यो किटल्या काढून गेला आन ष्टीलची कळशी घिऊन आला. त्या कळशीत म्या अजून पानी भरती.

तितंच बारामतीच्या एका खेळाच्या मास्तरांनी त्येला हेरलं. वैशाखात मोठी शर्यत हाय म्हनलं. बारामतीतनं निघायचं, निमगावावरनं इंदापूर, आन तितनं हायवेनं पळसदेव. पैल्या तिघांस्नी जिल्ह्याच्या संघात घेनार. संघात नाव लागलं की पोलीस भरतीत खेळाडूच्या जागंला उभं ऱ्हाता येतं. दादासोचं वय भरतीला तेवढंच साल बसत हुतं. पुढल्या साली गेला तर दारातनंच माघारी. म्हंजी एकच शर्यत. ती हुकली की जल्मभर किटल्या.

पोरानं सायकलीचं मडगार्ड काढलं, कॅरियर काढलं, घंटी आन स्टँड बी काढलं. हँडल उलटं बसवलं. "आता चाकं तेवढी ऱ्हाऊ दे रं बाबा," म्या म्हनलं. हसला. गूळ-शेंगदानं खायचा आन दूध घालून आल्यावर परत उन्हाचं इंदापूरच्या रस्त्याला लागायचा.

मालकांनी शर्यतीची वाट ऐकली आन हातातला घास ताटात ठेवला. "पळसदेव? मंग इंदापूर सोडल्यावर फाट्याला उजवीकडं घ्यायचं. जुन्या रस्त्यानं. सपाट हाय, चढ न्हाय, आन जवळ बी."

"आवं, त्यो पान्यात हाय की!"

"औंदा न्हाय. औंदा पानी पार खाली गेलंय. देऊळ उघडं पडलंय, रस्ता बी."

"आबा, शर्यत हायवेनं हाय," दादासो म्हनला. ह्ये हूं म्हनलं आन जेवायला लागलं. हूं म्हनलं म्हंजी ऐकलं, असं मला वाटलं. मीच खुळी!

त्येच्यामागनं मालकांचं म्हाळसाकडं जानं वाढलं. म्हाळसा माझी ननंद, नव्या पळसदेवात ऱ्हाती. "भनीची तब्बेत बरी न्हाय," म्हनायचं आन एस्टी धरायचं. पार हात फोडून घिऊन यायचं. भनीच्या तब्बेतीनं हाताला फोड येत्यात व्हय? पन उतरंडीमागं बघायचं मला सुचलं न्हाय.

शर्यतीच्या आदल्या दिशी आमी दोघं म्हाळसाकडं मुक्कामाला गेलो. सकाळी म्या उठायच्या आत ह्ये गायब. "देवळाकडं गेलाय दादा," म्हाळसा म्हनली. गेलं असतील, पाया पडायला. म्या नारळ घिऊन हायवेवर मांडवात जाऊन बसले. स्पीकर वरडत हुता, पोरं झाडावर चढल्याली, सगळ्यांचं डोळं इंदापूरच्या अंगाला.

आन गलका झाला मागनं. पान्याच्या अंगानं.

बघते तर माझा दादासो! गुडघ्यापातूर चिखलानं माखलेला, तोंडाला फेस, आन जुन्या देवळाकडच्या पांदीनं सायकल मारत येतोय. हायवेवर दुसरं कुनी दिसत बी न्हवतं. लोकांनी गुलाल उधळला, म्हाळसानं मला मिठी मारली. मला एवढं रडू आलं, म्हनलं देवा पावलास रं बाबा. पन पोरगं हसंना. सायकल धरून खाली मान घालून उभं.

टेबलामागचं साहेब उठलं. सगळ्या सायकलवाल्यांच्या हातावर हायवेच्या चौकीत निळ्या रंगाचा ठिपका लावत हुते. साहेबांनी दादासोचा हात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. हात चिखलाचा, ठिपका न्हाय.

"कुठून आलास तू?"

तवर मागनं आमचं मालक आलं, पळत. काखंत दोन्ही झेंडं, छाती भात्यावानी हालतीय, आन तोंडावर असला आनंद! म्या लग्नात बी बघितला न्हवता तसला. "पैला आला न्हवं? पैलाच आला न्हवं?" ज्येला त्येला इचारत सुटलं. मानसं मागं सरली. मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

साहेब मानूस चांगला हुता, खोटं कशाला बोलू. वरडला न्हाय. "बाबा, शर्यतीच्या नकाशात तो रस्ता नाही," म्हनला.

"नकाशात न्हाय, तर पोरगं आलं कुठनं?" मालक म्हनलं. "ह्यो रस्ता सरकारनंच बांधलाय. मैलाचा दगड हाय तितं अजून. चला, दावतो. चला की!"

कुनी गेलं न्हाय. मागनं हायवेनं तिघं आलं, हातावर ठिपका घिऊन. त्येंची नावं स्पीकरवर घेतली. मालक "चला की, दावतो" म्हनत हुतं, आन आवाज बारीक हुत हुत बंद झाला. नारळ माझ्या हातातच ऱ्हायला.

परत येताना सायकल एस्टीच्या टपावर टाकली. तिघं तीन बाकड्यांवर बसलो.

मला आठ दिस घास गिळला न्हाय. राग म्हंजी असला राग, की झेंडं चुलीत घालावंत. पन चुलीत घालायला गेले आन हात उठला न्हाय. मंग एका दुपारी पोरगं दारात किटल्या घासत बसलं हुतं, मालक शेळीमागं गेलेलं. म्या शेजारी बसले. म्हनलं, "दादासो, तुला ठाव न्हवतं का रं? झेंडा बघून तुला वाटलं असंल, वाट बदलली."

"ठाव हुतं, आये."

"मंग?"

"आबा फाट्यावर उभं हुतं. लाल झेंडा हायवेला आडवा, हिरवा जुन्या रस्त्याला. म्होरली दोघं त्येंच्या अंगावर वरडून गेली, ए म्हाताऱ्या, बाजूला हो. म्या तिसरा हुतो. माझ्यामागं लांबवर कुनी न्हवतं. निसतं सरळ जायचं हुतं."

"मंग का वळलास रं मुडद्या!"

"त्येंनी झाडला हुता गं." किटली घासायची थांबली न्हाय. "सगळा रस्ता झाडला हुता. शिंपलं कडंला काढल्यालं, खड्डं बुजवल्यालं, दोन्ही अंगाला दगडास्नी चुना लावल्याला. मोरीपशी गाळ हुता तितं बाभळीच्या फांद्या टाकल्याल्या. एकट्यानं. आन झेंडा दावताना तोंड असं..." त्येनं आनिक एक राखंची मूठ किटलीत टाकली. "मी बी वरडून गेलो असतो, तर त्येंनी कुनाला दावायचा हुता?"

शिव्या घालाव्यात तर कुनाला? म्या त्येच्या हातातली किटली घेतली आन मीच घासली.

त्याच सांजंला मालक शेळी बांधून आलं, ओट्यावर बसलं. शर्यतीपासनं बोललं न्हवतं त्ये पैल्यांदा बोललं. "भागू, एक इचारतो. पोराला ठाव न्हवतं न्हवं? माझा झेंडा बघून फसला न्हवं त्यो?"

म्या त्येंच्याकडं बघितलं. हातावरचं फोड वाळून काळं पडलं हुतं. ठाव हुतं, निसतं तुमचं तोंड बघून वळला म्हनलं असतं, तर ह्यो मानूस त्याच पान्यात जाऊन उभा ऱ्हायला असता.

"न्हवतं," म्या म्हनलं. "तुमी दावलं, त्यो आला."

"मंग माझीच चूक."

"व्हय," म्या म्हनलं. "तुमचीच."

आखाडात पानी चढलं. म्हाळसाचा सांगावा आला, देऊळ झाकलं, रस्ता बी गेला. दादासोनं सायकलीला कॅरियर बसवलं, घंटी बसवली, हँडल सुलटं केलं. भरतीची तारीख आली आन गेली, घरात कुनी नाव काढलं न्हाय.

परवा एक पाव्हना दारात आला. पानी पिला आन ह्यांच्याकडं वळून म्हनला, "तात्याबा, पळसदेवाला जवळचं कुठनं हो?"

"मला ठाव न्हाय," मालक म्हनलं.

मंग मीच सांगितलं. म्हनलं, हायवेनं सरळ जावा.