पेटीतले लाल मणी

मी एक जुनी सागवानी पेटी आहे. मित्रांनो, माझ्यात दागिने नाहीत की रेशमी साड्या नाहीत. माझ्यात लाकडी मणी आहेत, पुष्कळसे पांढरे आणि थोडे लाल. कोलकात्यातील एका विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात माझे सारे आयुष्य गेले. मला घडवणारा चित्पूरचा सुतार मणी पाहून हसला होता. "एवढी शिकलेली माणसं, आणि गोट्या खेळणार!"

खेळच होता तो. आधी मला चांगले हलवायचे, मग पन्नास खळग्यांची फळी मण्यांत बुडवून वर काढायची आणि खळग्यांत बसलेले लाल मणी मोजायचे. मूठभर मण्यांवरून सगळ्या मण्यांचा अंदाज कसा बांधावा आणि तो कितपत चुकू शकतो, याच्या सिद्धता मुले फळ्यावर लिहीत. त्या खऱ्या ठरतात का, हे पाहायला ती माझ्याकडे येत. निरुपम बागची सर त्यांना म्हणत, "शितावरून भाताची परीक्षा होते, कबूल. पण शीत पातेल्यात कुठून उचललंत, ते आधी सांगा!"

बागची सर स्वतःही माझ्यावरच शिकले होते. हातांच्या घामाने माझे लाल मणी फिकट पडले, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी रंगाचा डबा आणला. व्हरांड्यात बसून, मधूनमधून चुरमुरे खात, त्यांनी एकेक लाल मणी रंगवला. एक हात देऊन मन भरेना, म्हणून दुसरा दिला. दुर्गापूजेला नवे कपडे मिळालेल्या मुलासारखी मी खूश होते.

सुट्टी संपल्यावर नवा वर्ग आला. त्यात बांकुड्याहून आलेली तृणा हाजरा होती. ती शिष्यवृत्तीवर शिकत होती. माझ्यात पाचांत एक मणी लाल, म्हणजे पन्नासांत साधारण दहा लाल यावेत. वर्गातल्या इतरांच्या वहीत नऊ, दहा, अकरा असे आकडे होते. तृणाला मात्र पंधरा, सोळा, सतरा मिळत होते.

तिचा वर्गमित्र रजत शिकदार हसला. "अगं, मागच्या वर्षीच्या दादांची वही आहे माझ्याकडे. दहाच्या आसपास लिही आणि चल, चहा गार होतोय."

"पण मी पेटी नीट हलवली रे! पुन्हा काढलं तरी तेच येतंय."

"मग तुझा हातच अपशकुनी!"

सरांनी तिची वही पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तृणा, हे आकडे काढलेस की रचलेस?"

"काढले, सर."

"एखाद्या वेळी येतील गं इतके लाल. दर वेळी? रोज लॉटरी लागते का कुणाला? उद्या नीट करून आण. नाहीतर प्रात्यक्षिकाचे गुण मिळायचे नाहीत."

ते गुण गेले असते, तर शिष्यवृत्तीही गेली असती. तृणा किती तरी वेळ माझ्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. आकडे खोडायला पेन्सिल पुरली असती. मित्रांनो, मला तोंड असते तर मी बोलले असते. पण माझ्यात काय बिघडले आहे, हे मलाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने तीच वही पुढे केली. "सर, मी काही बदललं नाही. तुमच्यासमोर काढून दाखवते."

तिने मला पुष्कळ हलवले, फळी बुडवली. सतरा लाल! सरांनी स्वतः हलवून पाहिले. सोळा! त्यांनी वर्गाकडून सगळे मणी मोजून घेतले. पाचांत एकच लाल. मग गडबड कुठे होती?

मणी पुन्हा भरून तृणाने मला हलवले आणि ती आत वाकली. "सर, लाल मणी वर येतायत." तिने काही लाल मणी एका रांगेत लावले आणि तितकेच पांढरे शेजारी ठेवले. लाल रांग पुढे गेली. "रंग जाड बसलाय. लाल मणी मोठे झालेत."

"चुरमुऱ्यांचा डबा हलवला की चुरा तळाशी जातो आणि मोठे चुरमुरे वर येतात, तसं," सर हळूच म्हणाले. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. "रंग मीच दिला होता."

मग त्यांची नजर बाकीच्या वह्यांच्या चळतीवर गेली.

"पेटीच खोटं बोलतेय, तर तुम्हा सगळ्यांना दहा कुठून मिळाले रे?"

रजत चपलेचा अंगठा पाहत बसला.

सर तृणाकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी तुझी वही तपासली, पेटी तपासली नाही. चुकलं माझं, पोरी."

त्या संध्याकाळी अख्खा वर्ग माझ्याभोवती बसून खरेखुरे मणी मोजत होता. रजत म्हणाला, "तृणा, हलवायचं कसं, ते दाखव ना."

"आधी चहा पाज. आणि गरम हं!"

पुढे सर निवृत्त झाले. तृणा पदवी घेऊन दूर गेली. विभागात संगणक आले; आता एक कळ दाबली की हवे तेवढे मणी पडद्यावर उधळतात. मी कपाटावर आहे. माझी कडी निखळली आहे आणि पालीने माझ्यामागे अंडी घातली आहेत. तक्रार नाही. माझे काम आता ते अधिक वेगाने करतात.

फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. कधी तरी मला खाली काढा, धूळ पुसा, कडी बसवा. आणि वर्गातल्या एखाद्या मुलीचा आकडा सगळ्यांहून वेगळा आला, तर तिच्याकडे संशयाने पाहण्याआधी माझे झाकण उघडून एकदा आत पाहा.