दाजींच्या पोटाचं ऑइल चेंज

आमच्या बस गॅरेजात कुणाला साधा खोकला झाला तरी आधी विचारतात, फिल्टर कधी बदललास? माणूस म्हणजे चाकं नसलेली गाडी, हा इथल्या सगळ्यांचा पक्का समज. त्या समजापायी माझ्या दाजींच्या हातचं स्टिअरिंग गेलं, ते सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लांबच्या पल्ल्याची बस चालवायचे. जन्म सगळा सीटवर. पोट असं, की हॉर्नला हात लावायची गरज नाही. जरा पुढं वाकले की वाजला.

वर्षाच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी काढली आणि म्हणाल्या, "लिव्हरवर चरबी बसलीय. लोणी, मलई, चरबीचं मटण सोडा. त्याच्या जागी पातळ तेल घ्या, तेही बेतानं. पोट कमी करा. तीन महिन्यांनी बघते. फरक नसला तर सही नाही."

सही नाही म्हणजे बस नाही. आणि दाजींना बसवरून उतरवायचं म्हणजे माशाला झाडावर बसवायचं.

दाजी दवाखान्यातून थेट गॅरेजात आले. "मेव्हणे, बाईंनी ऑइल बदलायला सांगितलंय."

झालं! तेलाची गोष्ट निघाली म्हटल्यावर सगळे पाने-पकडी टाकून गोळा. सगळ्यात पुढं टायरवाला. हा माणूस हवेशिवाय दुसरं काही भरत नाही, पण ज्ञान मात्र टाकी फुटेस्तोवर.

"कुठलं ऑइल चांगलं ते थंडीत कळतं," तो म्हणाला. कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये त्यानं कप मांडले. एकात लोणी, एकात चरबी, एकात खोबरेल, एकात पातळ तेल. कॅन्टीनवालीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सकाळी बघतो तर पहिल्या तिघांचे दगड, आणि पातळ तेल आपलं वाहतंय खुशाल.

"बघा! जे कपात गोठलं, ते लिव्हरात गोठणार!" टायरवाला म्हणाला.

तेल निवडलं बरोबर. कारण चुकलं, पण कारण कोण बघतो? इथवर ठीक होतं. मग निघालं फ्लशिंग.

आमच्यात इंजिनात गाळ झाला की पातळ ऑइल घालून इंजिन फिरवतात. गाळ सुटतो, मग सगळं खालून काढून टाकतात. टायरवाला म्हणाला, "दाजी, रोज सकाळी पेलाभर खायचं पातळ तेल प्या. जुनी चरबी धुऊन निघेल."

मी म्हटलं, "अरे शहाण्या, इंजिनला खाली ऑइल सोडायचा बोल्ट असतो. दाजींचा बोल्ट कुठाय?"

"आहे की," टायरवाला म्हणाला, आणि सगळं गॅरेज खिदळलं. माझं म्हणणं त्या हसण्यात वाहून गेलं.

दाजी नाक धरून पेला रिचवायला लागले. वर पावावर बोटभर लोणी होतंच! ताई ओरडली, "अहो, ते बंद करायला सांगितलंय ना?"

"अगं, आतून धुलाई चालूय. घाण झाली तरी निघणारच की!"

तीन महिन्यांत सीटबेल्ट पुरेना. दाजी खूश. म्हणे गाळ सुटताना फुगतो.

तपासणीला मी बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडं बघितलं, दाजींकडं बघितलं, परत पडद्याकडं. "काय केलंत हो?"

"फ्लशिंग," दाजी छाती काढून म्हणाले. छाती पोटाच्या मागंच राहिली, तो भाग वेगळा.

सगळं ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, लोण्याच्या जागी तेल सांगितलं होतं, लोण्याच्या डोक्यावर नाही! लोण्यानं लिव्हरवर चरबी लवकर बसते, हे खरं. पण चांगलं झालं तरी तेलही पोट वाढवतंच. जास्तीचं कुठलंही असो, मुक्कामाला तिथंच येतं."

सही झाली नाही. दाजींना आवारातलं काम मिळालं, तेही टायरवाल्याच्या हाताखाली. सकाळपासून या बसकडून त्या बसकडं, चाकावर हातोडी मारत, हवा तपासत. पहिले काही दिवस माणूस इतका धापा टाकायचा, की हवा चाकाला कमी आहे की दाजींना, कळेना. रोज संध्याकाळी आपल्या बसच्या काचेवरून हात फिरवायचे. मला बघवत नव्हतं.

घरी ताईनं लोणी हद्दपार केलं आणि तेलाचा डबा कुलपात ठेवला. भाजीला चमचा, बस्स. दाजींनी कुरकुर केली तर म्हणायची, "बोल्ट दाखवा, मग पेला देते."

पुढच्या खेपेला बाईंनी पडदा बघितला आणि हसल्या. चरबी उतरली होती. सही झाली.

दाजी स्टिअरिंगवर चढले, हॉर्न हातानं वाजवला. टायरवाला गॅरेजभर सांगत सुटला, "बघितलंत? फ्लशिंगचा गुण आला! जरा उशिरा आला, एवढंच!" दुसऱ्या दिवशी गॅरेजातला पेंटर सकाळी तेलाचा पेला घेऊन उभा.

ताईनं मला बाजूला घेतलं. "आता परत बसून बसून फुगतील रे. काहीतरी कर."

गाड्या कुठं लावायच्या ते माझ्या हातात. तेव्हापासून दाजींची बस आवाराच्या पार टोकाला, भिंतीपाशी.

"मेव्हणे, माझ्याच नशिबी लांबची जागा का हो?" दाजी रोज विचारतात.

"तिथं दिवसभर ऊन असतं, दाजी. तुमचं ऑइल पातळ राहतं."

दाजींना पटतं. आणि चालायला लागतात.