अलाबामा, रविवारी दुपारी

भार्गवीनं टीव्हीच्या मागे हात घालून वायर खुपसली, काढली, तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा खुपसली, आणि अख्खं अलाबामा राज्य हॉलमध्ये अवतरलं. हिरव्यागार नकाशावर तिनं पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: भूगोल, इतिहास, संस्कृती.

"रंग छान घेतलेस," बाबा म्हणाला. त्यानं मांडीवर वही उघडली आणि वरती तारीख घातली.

आई सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली होती. बाहेर आयर्लंडमधल्या लेटरकेनीचा पाऊस आडवा पडत होता. लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, शाळा लॅपटॉपमध्ये भरत होती आणि रविवारच्या जेवणानंतर कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

पद्माकर सरदेशपांड्यांच्या घरात मोठा निर्णय प्रेझेंटेशनशिवाय होत नसे. फ्रिज तसाच आला होता, गाडी तशीच आली होती. चार वर्षांपूर्वी पुण्याहून इथे यायचं ठरलं तेव्हाही बाबानं चौदा स्लाइड्स केल्या होत्या. त्यात पाऊस हा शब्द एकदाच होता, आणि त्याच्यापुढे 'मध्यम' असं लिहिलेलं होतं. नियम ठरलेले होते. बोलायचं मराठीत, आणि आपलं मत सांगायचं शेवटच्या स्लाइडवर, तोवर चेहऱ्यावरसुद्धा दिसू द्यायचं नाही. या वेळी काम भार्गवीकडे आलं होतं. बाबा ज्या कंपनीत शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायचा, त्या कंपनीनं त्याला अलाबामातल्या मोठ्या कारखान्यात बोलावलं होतं. हुद्दा वरचा होता आणि उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

म्हणजे उद्या.

भार्गवीला जायचं नव्हतं. काही केल्या जायचं नव्हतं! तीन वर्षं ती वर्गात मागच्या बाकावर ओठ शिवून बसली होती, आणि या नोव्हेंबरात शाळेच्या ऑनलाइन वादविवादात तिनं माइक चालू केला तो बंदच केला नाही. आता ती शाळेच्या संघात होती. शेजारच्या ओर्लाशी तिची भिंतीवरून रोज तासभर बडबड चालायची. एखाद्या झाडानं नवीन कुंडीत कसंबसं मूळ धरावं आणि कुणी लगेच उपटायला यावं, असं तिला झालं होतं.

पण हे कुणाला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, "बाबाला किती वर्षांनी अशी संधी आलीय. तोंड पाडून बसू नकोस हं." आणि गाडीत, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आईची ड्युटी संपायची वाट बघताना बाबा म्हणाला होता, "तिथे पियूषमामा आहे. आईला भाऊ जवळ मिळेल. ती बोलत नाही, पण एकटी पडते इथे." दोघांनाही हवंय म्हटल्यावर आपण कशाला मोडता घालायचा? ती पंधरा वर्षांची होती, लहान थोडीच! तिनं पंधरा दिवस खपून अलाबामा इतकं सजवलं होतं की कुणीही उठून बॅग भरावी. शेवटच्या स्लाइडवर फुग्यांचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: चला, जाऊ या.

"तर मंडळी," तिनं घसा खाकरला, "उत्तरेला अ‍ॅपलेचियन डोंगरांचं शेपूट आणि दक्षिणेला मेक्सिकोचं आखात. मधोमध हा काळ्या मातीचा पट्टा. इथे कापूस व्हायचा."

"काळी माती?" बाबानं मान वर केली. "आपल्या अकोल्यासारखी?"

"अगदी तशीच, बाबा. भेगाळते, पावसात चिकटते."

"बुटांना लागली की सुटत नाही ती," बाबा म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. "आणि ऊन किती?"

"पस्तीस-छत्तीस. कधीतरी अडतीस."

"बाप रे."

भार्गवी बघतच राहिली. अकोल्याचा बाबा, जो पंचेचाळीस डिग्रीत पतंग उडवल्याच्या गोष्टी सांगायचा, जो इथे मार्चमध्ये अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून शेजाऱ्यांना थक्क करायचा, तो अडतीसला बाप रे म्हणत होता.

"दमट ऊन असतं ते," बाबा आईकडे न बघता म्हणाला. "सोसत नाही."

"एसी असतो की सगळीकडे," भार्गवी घाईनं म्हणाली आणि पुढची स्लाइड लावली. चक्रीवादळांची, म्हणजे टोर्नेडोंची, स्लाइड तिनं मुद्दाम छोटी केली होती. एकच फोटो, तोही लांबून काढलेला.

आई पाय खाली सोडून पुढे सरकली. "वर्षाला किती येतात?"

"असतात काही. पण भोंगा वाजतो ना आधी."

"आकडा सांग की."

"पन्नास-साठ. पण सगळी मोठी नसतात गं!"

"पन्नास-साठ," आई म्हणाली. तिच्या आवाजात भीतीपेक्षा काहीतरी वेगळंच होतं. शोधत असलेली किल्ली खिशातच सापडावी तसं. "आणि साप?"

"आई, सापांवर स्लाइड नाहीये."

"आहेत पण?"

"आहेत."

बाबानं तेही लिहून घेतलं. भार्गवीला वाटलं, आपण भलत्याच वादविवादात सापडलोय. ठरावाच्या बाजूनं आपण एकट्याच, तोही ठराव आपल्याला मान्य नसलेला, आणि समोर विरोधी पक्ष हसऱ्या चेहऱ्यानं बसलेला. पण आता थांबून चालणार नव्हतं. ती इतिहासावर गेली.

तिथे मात्र तिला सजवायला जमलं नव्हतं. ही जमीन आधी क्रीक आणि चोक्टॉ लोकांची होती, त्यांना हुसकावून शेकडो मैल पश्चिमेला हाकललं गेलं. आणि त्याच चोक्टॉ लोकांनी, स्वतःचं सगळं गेल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी, आयर्लंडच्या दुष्काळासाठी वर्गणी गोळा करून पाठवली. हे इथल्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं, पण ती माणसं मुळात त्या भागातली, हे भार्गवीला आत्ताच कळलं होतं. मग गुलामांच्या हातांनी वेचलेला कापूस. मग माँटगमेरी शहरातली एक शिवणकाम करणारी कृष्णवर्णीय बाई, गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला नाही म्हणणारी, आणि तिच्यामागे तीनशे एक्क्याऐंशी दिवस बसमध्ये पाय न ठेवता चालत कामाला गेलेली गावातली सगळी कृष्णवर्णीय माणसं.

बाबाचं पेन थांबलं होतं.

"चालत," आई शेवटी म्हणाली. "आता तिथे चालत कुठे जाता येत नाही म्हणे. पियूष सांगत होता. दुधाला जायचं तरी गाडी."

"इथे तरी काय वेगळं आहे?" बाबा म्हणाला. "इथेही गाडीच लागते."

"हो, पण इथे निदान..." आई थांबली. उशीचा कोपरा तिनं उगाच चिमटीत धरला. "नाही, मी आपलं सहज म्हटलं. चांगलंच आहे तिथे. पद्माकर, चहा घेणार का तू?"

"तुला हवा असेल तर टाक."

"मला काही नाही. तू घेणार असशील तर टाकते."

"तू घेत असशील तर मी घेईन अर्धा."

भार्गवी रिमोट हातात धरून उभी होती. हे संभाषण तिनं जन्मापासून रोज दोनदा ऐकलं होतं. या घरात 'मला चहा हवाय' असं कधीच कुणी म्हटलं नव्हतं. दोघांनाही तल्लफ आलेली असायची आणि दोघंही दुसऱ्यासाठी म्हणून प्यायचे. कधीकधी तर, दोघांनाही नको असला तरी, फक्त दुसऱ्याला हवा असेल म्हणून मुकाट्यानं संपवायचे.

नको असला तरी.

तिनं रिमोट खाली ठेवला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "नियम बदलला. आता प्रश्न मी विचारणार. बाबा, तुला अलाबामाला जायचंय?"

"आईला तिथे..."

"आईचं नाव न घेता सांग."

"पियूष असल्यामुळे..."

"मामाचं पण नाही. 'मला' असं म्हणून सुरुवात कर."

"वकीलच झाली ही," बाबा हसत आईकडे वळला. आई हसत नव्हती. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. बाबानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "मला," तो म्हणाला आणि थांबला. अठरा वर्षं इंजिनियरी केलेल्या माणसाला ते वाक्य पुढे रेटता येईना. "मला... खरं सांगायचं तर नाही जायचं. काम इथलंच आवडतं मला. माणसं ओळखीची झालीत. पण चित्रा इतकी खूश होती की..."

"मी?" आई उठूनच उभी राहिली. "मी कधी खूश होते?"

"तू दिसत होतीस. पियूषला घरं बघायला सांगितलंस तू!"

"तुझ्यासाठी दिसत होते! तुझ्या प्रमोशनचं म्हणून! अरे, इतक्या परीक्षा देऊन आत्ता कुठे वॉर्डमध्ये माझं ऐकतात, तिथे पुन्हा पहिलीपासून? पंधरा दिवस झाले, गाल दुखायला लागलेत हसून हसून."

"मग बोलायचं की!"

"तू बोललास?"

मग बाबाच्या खांद्यांना आधी हसू फुटलं, नंतर तोंडाला. आई मटकन खाली बसली आणि उशीत तोंड खुपसून हसू लागली, की रडू लागली, ते नीट कळेना. वर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"आणि तुला गं?" तिनं विचारलं. "तुला कुणी विचारलंच नाही."

वादविवाद संघातली भार्गवी सरदेशपांडे, जिला मुद्दा मांडायला तीन मिनिटं कमी पडायची, तिनं तोंड उघडलं आणि आतून एवढंच निघालं, "नो. नो, नो, नो वे!"

"मराठीत," बाबा म्हणाला, पण तोवर ती दोघांच्या मध्ये येऊन आदळली होती.

चहा झाला. तिघांनाही पूर्ण कप झाला. बाबानं फोनवर कंपनीसाठी चार ओळी लिहिल्या, मोठ्यानं वाचून दाखवल्या, आईनं एक 'दुर्दैवानं' काढायला लावलं, आणि मेल सोमवारची वाट न बघता गेली. भार्गवी वायर काढायला वाकली.

"अगं, थांब," आई म्हणाली. "संस्कृती राहिली की. दाखव ना."

"पण आता कशाला?"

"आता तर बघायलाच हवं."

मग भार्गवीनं एन्टरप्राइज नावाच्या गावातला पुतळा दाखवला. दोन्ही हात उंचावलेली एक बाई, आणि तिनं डोक्यावर धरलेला एक भलामोठा किडा. या किड्यानं कापूस फस्त केला म्हणून लोकांनी भुईमूग लावला आणि गावाचं भलं झालं, म्हणून किड्याचा पुतळा! बाबा इतका खूश झाला की त्यानं स्लाइड मागे न्यायला लावून तो पुन्हा पाहिला. "अकोल्यात उभारायला हवा असा एक," तो म्हणाला. "काय राज्य आहे! वा!" ऊन, साप, वादळं, आता त्याला सगळंच गमतीचं वाटत होतं. वही सोफ्याखाली गेली होती.

मोबील शहरातल्या कार्निव्हलची मिरवणूक सुरू झाली तेव्हा आईकडून प्रश्न यायचे बंद झाले. कालच्या ड्युटीवरून ती पहाटे आली होती आणि झोपायचं सोडून स्वयंपाकाला लागली होती. आता तिची मान बाबाच्या खांद्यावर कलली होती आणि तोंड किंचित उघडं पडलं होतं. बाबानं न हलता, नुसत्या बोटानं खूण केली: आवाज कमी कर.

भार्गवीनं केला. पण ती थांबली नाही. अजून किनारा यायचा होता. उत्तरेच्या डोंगरांचा चुरा नद्यांमधून वाहत हजारो वर्षांनी खाली पोचतो आणि त्याची पांढरीशुभ्र वाळू होते, हे तिनं बाबाच्या कानाशी वाकून, कुजबुजत, एकही ओळ न गाळता सांगितलं.