नमुना घराची मापं

त्या वसाहतीत शिरल्या शिरल्या माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळी झाडं एका उंचीची, सगळी दारं एकाच निळ्या रंगाची. रस्त्यावर चिटपाखरू नाही, पण दर वीस पावलांवर एक बाक, आणि कुठल्याच बाकावर धूळ नाही. लोक बसत असतील तर बाक झिजलेलं दिसायला हवं. बसत नसतील तर धूळ दिसायला हवी. दोन्ही नाही, म्हणजे कुणीतरी ती बाकं रोज पुसतंय, आणि तेही आमच्यासारख्यांना दाखवायला.

मी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. कोट, झगे, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते. एक खांदा खाली आलेला, पोट पुढे आलेलं, हे लपवायला माणसं काय काय करतात ते मला गिऱ्हाईक दारात असतानाच दिसायचं. मुलगा म्हणतो, "आई, तुला सगळ्यांचाच संशय येतो." येतो! माझं दुकान चाळीस वर्षं चाललं ते काय विश्वासावर?

मुलाचा कारखाना या नव्या भागात हलला. तो बॉयलर दुरुस्त करतो. बॉयलर जिथे गेला तिथे त्यालाही जाणं भाग होतं. सून हॉस्पिटलात रक्त काढते, तिला इथल्या हॉस्पिटलात चटकन जागा मिळाली. नऊ वर्षांच्या नातीला शाळा मिळाली. राहता राहिले मी. अकरा वर्षं आम्ही सगळे एका घरात राहतोय. तेव्हा या फेरीत मला एकच गोष्ट बघायची होती: नव्या घरात माझी खोली कुठली? गाडीत दोन तास मैदानाच्या गप्पा झाल्या, शाळेच्या बसच्या झाल्या, गाडी कुठे लावायची त्याच्या झाल्या. माझ्या खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. न विचारता गप्प बसलं की खरं काय ते आपोआप बाहेर पडतं.

वसाहतीच्या ऑफिसातून एक बाई घर दाखवायला आली. तिचं नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, पण मी मनातल्या मनात तिला हसरी म्हणायला लागले, कारण तिचं हसू थांबायचं नावच घेईना. ती आम्हाला नमुना घरात घेऊन गेली.

"बघा किती ऐसपैस आहे," हसरी म्हणाली.

ऐसपैस होतं खरं. झोपायच्या खोलीत पलंग, कपाट, लिहायचं टेबल, आणि एवढं सगळं ठेवून मध्ये नातीला गिरक्या मारायला जागा. मुलगा भारावून भिंतींकडे बघत होता. माझी नजर मात्र दाराकडे गेली. चौकट होती, दार नव्हतं. एकाही खोलीला दार नव्हतं. दार उघडायला लागते ती जागा त्यांनी हिशेबातून काढूनच टाकली होती.

इथे पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. सरळ जाऊन पलंगावर आडवी झाले.

"आई, अगं काय करतेस!" मुलगा ओशाळून म्हणाला.

मी जेमतेम पाच फूट एक इंच. उशीवर डोकं टेकलं तर माझ्या टाचा पलंगाबाहेर. मी उठले, पर्समधून टेप काढला आणि मोजलं. पलंग पाच फुटांचा. मग कपाट उघडून हँगर अडकवला, तर तो तिरका राहिला. कपाटाची खोलीच कमी. खुर्च्या पाहिल्या, त्याही तसल्याच, लहान पोरांना बसायच्या. घर मोठं दिसावं म्हणून यांनी सामानच लहान करून घेतलं होतं.

"यात माझा मुलगा झोपला तर गुडघे पोटाशी घ्यावे लागतील," मी हसरीला म्हणाले. "का घराबरोबर माणसंही लहान करून देता?"

हसरी हसतच राहिली. "आजी, हे फक्त कल्पना यावी म्हणून असतं."

"आली कल्पना," मी म्हणाले.

सून मोठ्याने हसली. "बरं झालं आई, तुम्ही आलात. आमच्या हे कधी लक्षातच आलं नसतं."

आता कुणालाही वाटेल, सून कौतुक करतेय. मी ऐकलं आणि जास्तच सावध झाले. तिचं कामच तसं. गोड बोलत बोलत माणसाचं लक्ष दुसरीकडे न्यायचं आणि सुई टोचायची. "झालं सुद्धा, कळलं पण नाही ना?" असं ती दिवसातून साठ वेळा म्हणते. अशी बाई घरी आल्यावर वेगळी वागते, यावर मी का विश्वास ठेवावा?

आणि माझा संशय काही उगाच नव्हता. जिना उतरून खालच्या मजल्यावर आलो आणि मी आरशापाशी उभी होते, तेव्हा ती हसरीला हळूच विचारत होती, "खालच्या बाथरूमचं दार रुंद करता येईल का? भिंतीला धरायला दांडा लावता येईल? डॉक्टर बोलावला तर किती वेळात येतो?" मी अजून बाजारातून दोन पिशव्या एकटी आणते. मला दांडा? मला डॉक्टर? हळूहळू मला पंगू ठरवायचं आणि मग बाहेरची वाट दाखवायची, असा तिचा बेत मला स्वच्छ दिसायला लागला.

मुलगा मात्र त्या दिवशी फार प्रेमाने वागत होता. माझी पर्स धरली, पाणी आणून दिलं, पायरी आली की हात पुढे केला. एरवी तो इतकं करत नाही. मला भरून आलं. म्हटलं, कुणी कसंही वागो, पोटचं पोर ते पोटचं पोर.

मग ती तिघं मैदान बघायला गेली. माझे पाय दुखत होते म्हणून मी ऑफिसाच्या पायरीवर बसले. हसरी माझ्यापाशी आली.

"आजी, तेवढ्यात तुमचं घर पण बघून घेता का? तळ्यापलीकडेच आहे. सकाळीच साफ करून ठेवलंय."

"माझं?"

तेव्हा पहिल्यांदा हसरीचं हसू थांबलं. "म्हणजे... फॉर्ममध्ये आहे ना. दोन खोल्यांचं घर त्यांना, आणि ज्येष्ठ विभागात एक खोली. मला वाटलं तुम्हाला..."

म्हणजे मला वेगळं टाकायचं लेखी ठरलं होतं. पण चाळीस वर्षांचा धंदा काही फुकट नाही गेला. चेहऱ्यावरची रेष न हलवता मी म्हणाले, "हो हो, ते होय? चला की, बघू."

बॅटरीच्या छोट्या गाडीतून ती मला तळ्याला वळसा घालून घेऊन गेली. लांबलचक, एक मजली इमारत. आत ओळीने खोल्या, प्रत्येक दाराला नंबर. एका दारापाशी माझ्याच वयाची एक बाई खुर्ची टाकून बसली होती. मी काही विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "रविवारी येतात हो." आणि परत तळ्याकडे बघायला लागली.

माझी खोली अठ्ठेचाळीस नंबरची. आत एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. उशाशी भिंतीवर मदतीला बोलवायचं लाल बटण, बाथरूममध्ये धरायला दांडा. मी टेप काढला. पलंग सव्वासहा फूट. कपाटात हँगर नीट बसला. चौकटीला दार होतं, अगदी रुंद. इथे त्यांनी एक इंचही चोरला नव्हता. शोधायला काहीच नव्हतं, म्हणून मी टेप गुंडाळला. नमुना घर म्हणजे नुसती सजावट होती. ही खोली मात्र कुणीतरी माणूस येऊन राहणार म्हणून तयार ठेवलेली होती, आणि ते माणूस मी होते.

परत आले तेव्हा मुलगा आणि सून ऑफिसाच्या काचेच्या खोलीत चहा पीत बसले होते. काचेतून बाहेर नात झोपाळ्यावर दिसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी बसले नाही.

"अठ्ठेचाळीस नंबर बघून आले," मी सुनेला म्हणाले. "छान आहे हं. धरायला दांडा आहे. डॉक्टरही येत असेल. सगळं विचारून ठेवलं होतंस ना?"

"कसला अठ्ठेचाळीस नंबर?" सून म्हणाली.

"आता कानावर हात ठेव! मला तळ्यापलीकडे टाकायचं ठरवलंस, तर निदान तोंडाने सांगायचं होतंस. का इथेही सुई टोचून झाल्यावर सांगणार होतीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. काय साळसूद चेहरा करते, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात तिने टेबलावरचा फॉर्म ओढून घेतला, वाचला, आणि तो तसाच फिरवून मुलासमोर ठेवला.

"हे काय आहे?" तिने त्याला विचारलं.

मी वाकून पाहिलं. अक्षर मुलाचं होतं. ते वाकडं अक्षर सरळ व्हावं म्हणून मी त्याला शिलाई मशीनशेजारी बसवून पानंच्या पानं लिहायला लावली होती, तरी ते वाकडंच राहिलं. सही त्याचीच. जिथे सुनेने सही करायची, ती जागा रिकामी होती.

"आपण तीन खोल्यांचं बघायला आलो होतो," सून म्हणाली. "मी मघापासून खालची खोली आईंसाठी कशी होईल ते विचारतेय. गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये दोनदा घसरल्या. म्हणून दांडा, म्हणून रुंद दार. आणि तू हे भरून ठेवलंस?"

मुलाने कप बाजूला सारला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? रोज संध्याकाळी मी बूट काढायच्या आत तू माझ्याजवळ येतेस. ही स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आधी. आज ही अशी बोलली, आज हिने माझा डबा मागे सारला, आज मुद्दाम दार आपटलं. अकरा वर्षं, आई. ही तुला म्हणाली, तुम्ही घरात वाटेत येता. सांगताना तू रडत होतीस. मी एकदा तरी म्हटलं का, की तू खोटं बोलतेस? मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मला वाटलं, नवीन गावी तरी तुला हिच्याबरोबर दिवस काढायला लागू नयेत. तुला आज ती खोली दाखवून मगच हिला सांगणार होतो."

सुनेचा आवाज एकदम लहान झाला. "मी म्हणाले, आई वाटेत येतात?"

दोघंही माझ्याकडे बघत होती. हसरी दारापाशी येऊन अडखळली आणि बाहेरच्या बाहेर परत गेली.

माझ्या तोंडाशी आधी पळवाटच आली. "तुला आता आठवणार नाही," असं म्हणता आलं असतं. "तशाच अर्थाचं काहीतरी बोललीस," असंही म्हणता आलं असतं. असल्या शंभर गोष्टी मला येतात. पण मुलगा इतक्या भाबडेपणाने माझ्याकडे बघत होता की मला माझीच किळस आली. मी संशय घेऊन घेऊन जे शिवलं, ते याने बिचाऱ्याने खरं समजून अंगात घातलं होतं.

"नाही म्हणाली," मी म्हणाले. "ती म्हणाली होती, मशीन वाटेत येतं, खिडकीशी हलवू या, तुम्हाला उजेडही मिळेल. मी तुला सांगताना मशीन काढून स्वतःला घातलं."

"का?" मुलाने विचारलं.

"तू बूट काढून सरळ हिच्याशी बोलायला जायचास. माझ्यापाशी थांबायचा नाहीस. रडले की थांबायचास."

हे मी अकरा वर्षांत स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर मला फार लाज वाटली आणि मी खुर्चीत बसले.

"आणि बाकीचं?" सुनेने विचारलं. "डबा? दार?"

"डबा तू मागे सारलास, पण मुद्दाम नाही. दार वाऱ्याने आपटलं."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

तिने मान हलवली. रडली नाही, आवाज चढवला नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे. तिने फॉर्मची घडी घातली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "आज काही ठरणार नाही," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, तीन खोल्यांचं घ्यायचं की हे, याचा मला विचार करावा लागेल. सकाळी मला विचार करायची गरज नव्हती. आता आहे. विचार करून सांगते."

एवढं बोलून ती नातीला आणायला बाहेर गेली.

काचेतून मला ती दिसत होती. तिने झोपाळा थांबवला, नातीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, आणि वाकलेली होती तशीच थोडा वेळ तिथे राहिली. अकरा वर्षं मी तिचं प्रत्येक वाक्य उलटं करून आतून बघत आले, आत काय लपवलंय म्हणून. हे वाक्य मी उलटं केलं नाही. विचार करून सांगते म्हणाली, म्हणजे ती विचारच करणार होती, आणि जे सांगेल ते खरंच असणार होतं. त्याचीच मला भीती वाटत होती.