माझं डावं दार

मित्रांनो, धामापुरात धोंडू परबांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फणसाखाली, एक जुनी निळी गाडी उभी आहे. डावीकडून चेपलेली, चाकांतली हवा गेलेली. तीच मी. माझ्या बॉनेटवर कोंबड्या बसतात, आणि खरं सांगते, मला ते मुळीच आवडत नाही.

एके काळी माझा काय तोरा होता! कारखान्यातून या घरी आले तेव्हा नारळ फुटला, हार चढला. आंगणेवाडीच्या जत्रेला मी आठ-आठ माणसं कोंबून नेली. धोंडूआजोबांच्या मुलाचं, निलेशचं, लग्न झालं तेव्हा नवी नवरी सारिका माझ्याच डाव्या दाराने या खळ्यात उतरली. पुढे निलेश बोटीवर नोकरीला गेला आणि सारिका अंगणवाडीत लागली. दिवसभर मुलांबरोबर जमिनीवर बसायचं, उठायचं, नाचायचं. तिचा जीव त्यात होता.

दोन वर्षांपूर्वी कणकवलीहून येताना, महामार्गावर कसालच्या अलीकडे, डावीकडच्या रस्त्याने मासळीचा टेम्पो न थांबता घुसला. माझं दार आत गेलं. त्या दाराशी सारिका होती. मला चालवणाऱ्या धोंडूआजोबांना साधं खरचटलंही नाही, पण तिच्या गुडघ्याचा चुरा झाला. पत्र्याला दुखत नाही म्हणतात. त्या दिवशी मला दुखलं.

तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला सुशांत आईला घेऊन खळ्यात आला आणि आजोबांच्या पाया पडला. आजोबा विरघळले. आमच्याकडे भांडण देवीपुढे मिटवायची रीत. ते त्याला भगवतीच्या देवळात घेऊन गेले, नारळ ठेवला आणि शब्द दिला, पोलीस नको, कोर्ट नको. परतले ते अगदी हलके होऊन. सारिका तेव्हा इस्पितळात होती.

ती काठी टेकत घरी आली. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सांगितलं होतं. ते झालं नाही तर तिला पुन्हा कधी जमिनीवर बसता येणार नव्हतं आणि ऑपरेशन घराच्या आवाक्याबाहेरचं होतं. नात्यातली नम्रता वकील आहे, ती भेटायला आली.

"काका, भरपाई त्या मुलाने नाही, टेम्पोच्या विमा कंपनीने द्यायची असते," ती म्हणाली. "पण आधी पोलिसांत तक्रार हवी."

आजोबांचा चेहरा पडला. "मी देवीक शब्द दिलंय."

"देवीक सांगलात," सारिका हळूच म्हणाली, "पण बाबानू, माका इचारलात?"

पुढे कितीतरी दिवस आजोबा येऊन माझ्या स्टिअरिंगमागे नुसते बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही. शेवटी त्यांनी सुशांतला बोलावून घेतलं.

"तक्रार केलात तर माजा लायसन जायत," सुशांत घाबरून म्हणाला.

सारिकाने त्याचा हात धरून माझ्या दाराच्या खड्ड्यात ठेवला. "हय मी बसलेलंय."

सुशांतने हात काढला नाही. मग त्याला रडू फुटलं. "वैनीनू, चूक माजीच. मी मोबाईल बघी होतंय. पोलिसांका मीच सांगतंय."

आजोबा उठले. "चला, देवीकडे. पयलो शब्द माजो होतो. आता सारिका बोलात."

देवळात जे काय बोलायचं ते ती बोलली, आजोबांनी दिलेला शब्द परत घेतला, आणि मग सगळे पोलिसांकडे गेले. सुशांतला कोर्टाच्या फेऱ्या पडल्या. टेम्पो तो अजून चालवतो, पण फोन डब्यात बंद करून. विमा कंपनीच्या माणसाने माझे फोटो काढले, कागद परत पाठवले, पुन्हा मागितले. तोवर भंगारवाला दोनदा आला आणि आजोबांनी त्याला दोनदा हाकललं, कारण माझं दार हाच पुरावा होता. यंदा भरपाई मिळाली. ऑपरेशन झालं.

मित्रांनो, गाडी जपून चालवा, हे तर सांगतेच. पण माफ करायची घाई झाली, तर ज्याला लागलंय त्याच्यापाशी आधी जा.

उद्या भंगारवाला मला न्यायला येणार. मघाशी सारिका आली आणि माझ्या डाव्या दारापाशी चक्क मांडी घालून जमिनीवर बसली. खड्ड्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुका आता भंगारात देवचा म्हणतत. चलात मा गो?"

इतक्या वर्षांत मला 'चालेल ना गं?' असं कुणी विचारलं नव्हतं.